समुद्रात उतरण्यापूर्वीची एक सही

परीक्षा संपल्या की, किंवा लागून दोन-तीन सुट्ट्या आल्या की, आमच्या दवाखान्यात एक वेगळ्याच प्रकारचा रुग्ण दिसू लागतो. त्याला काहीही झालेले नसते. तोंडावर हसू असते आणि हातात एक कागद. ‘डॉक्टर, एवढी एक सही द्या. रात्री गाडी करून मालवणला निघालोय. स्कूबा करायचंय.’ बाहेर बाकावर तापाने फणफणलेली मुले आणि गुडघे धरून बसलेल्या आजी. अशा गर्दीत डॉक्टरने काय करावे? बहुतेक जण सही करतात. वाचकहो, खोटे कशाला सांगू? अनेक वर्षे मीही करीत होतो, नाडीसुद्धा न पाहता. आता करीत नाही. का करीत नाही, ते सांगण्यासाठीच आजचा हा लेख.

आम्हा घाटावरच्या लोकांना मालवण म्हणजे रात्री निघून पहाटे पोचण्याचे अंतर. पूर्वी तिकडे जायचे ते सिंधुदुर्ग किल्ला पाहायला आणि मासे खायला. आता तारकर्ली, देवबाग, मालवण या पट्ट्यात पाण्याखाली श्वास घेत मासे आणि प्रवाळ पाहण्याची सोय झाली आहे, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. निसर्गाचे हे दालन आपल्या पिढीला बंद होते. म्हणूनच कुणी ‘नको ते धाडस’ म्हणून नाक मुरडावे, असे मला मुळीच वाटत नाही. माझे म्हणणे इतकेच, की या खेळात बहुतेक अपघात टाळण्याजोगे असतात, आणि ते टाळण्याची पहिली जागा समुद्र नसून तो कागद आहे.

आधी माझीच गोष्ट

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात पुतण्याच्या कुटुंबाबरोबर आम्ही उभयता मालवणला गेलो होतो. माझ्या वयाची पन्नाशी उलटलेली, रक्तदाबाची गोळी सहा वर्षांपासून रोज सकाळी चालू, आणि प्रवासातल्या थंडीने आदल्या दिवसापासून नाक चोंदलेले. पैसे भरून झाले, बोट सुटली आणि मग बोटीवर एक छापील अर्ज हातात आला. दमा आहे का? रक्तदाब आहे का? सध्या सर्दी-पडसे आहे का? पुतण्याची मुले माझ्याकडे पाहत होती. मी सगळीकडे ‘नाही’वर खूण केली आणि खाली सही ठोकली. रोज रुग्णांना ‘डॉक्टरपासून काही लपवू नका’ असे बजावणारा मी, खोट्या उत्तरांनिशी पाण्यात उतरलो.

दोन-तीन मीटर खाली गेल्यावर उजव्या कानात सुई खुपसल्यासारखे दुखू लागले. शिकवल्याप्रमाणे नाक चिमटीत धरून फुंकले. कान मोकळा झाला नाही. तेव्हाच खूण करून वर यायला हवे होते. मी आणखी जोराने फुंकले. कानात ‘फट्’ झाले, दुखणे एकदम थांबले आणि सारा समुद्र गरगर फिरू लागला. कानाचा पडदा फाटून थंड पाणी आत शिरले की अशी भोवळ येते, हे मी पुस्तकात वाचले होते. पण त्या क्षणी पुस्तक आठवले नाही. वर कुठे, खाली कुठे, कळेना. श्वास रोखून, हातपाय मारीत मी वर उसळी घेऊ लागलो.

माझ्याबरोबरचा प्रशिक्षक पंचविशीतला मालवणी मुलगा होता. त्याने माझा दंड घट्ट पकडला, मला वर सुटू दिले नाही, आणि दुसऱ्या हाताने माझ्या छातीवर थापट्या मारीत ‘श्वास सोड, श्वास सोड’ अशी खूण करीत राहिला. बुडबुडे सुटताना दिसल्यावरच त्याने मला हळूहळू वर आणले. बोटीवर मला ओकारी झाली. तो शांतपणे एवढेच म्हणाला, ‘सर्दी होती तर आदी सांगूक व्हया होता, काकानू.’ मला उत्तर सुचले नाही. पडदा भरून यायला दीड महिना लागला. पण खरे सांगायचे तर त्या दिवशी पडद्यावर भागले, ते त्या मुलामुळे.

पाण्याखाली नेमके काय होते?

गगनबावड्याचा किंवा आंबोलीचा घाट उतरताना कानाला दडे बसतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. सबंध घाट उतरताना हवेच्या दाबात जेवढा फरक पडतो, तेवढा पाण्यात एक मीटरही खाली न जाता पडतो. समुद्रात १० मीटर खाली गेले की शरीरावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो आणि बंद जागेतली हवा निम्म्यात मावते. म्हणजे सर्वांत मोठा फरक पहिल्या १० मीटरांतच पडतो. ‘आम्ही काही फार खोल जात नाही’ या बोलण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

आपल्या कानाचा मधला भाग एका बारीक नळीने घशाशी जोडलेला असतो. ती मोकळी असेल तर नाक धरून अलगद फुंकल्यावर हवा कानात जाते आणि दाब सारखा होतो. सर्दीत ही नळी सुजून बंद होते. मग पडदा आत ओढला जातो, दुखतो आणि शेवटी फाटतो. म्हणून दुखायला लागण्यापूर्वीच, पायरी-पायरीने, दर थोड्या अंतरावर कान मोकळे करावेत. मोकळा झाला नाही तर थोडे वर यावे. तरीही झाला नाही तर त्या दिवसाचा कार्यक्रम संपला असे समजावे. जोर कधीही करू नये. काही जण सर्दीची गोळी किंवा नाकात थेंब घालून उतरतात. औषधाचा असर खाली असतानाच ओसरला तर वर येताना हवा कानात अडकते. शिवाय अशा काही गोळ्यांनी गुंगीही येते.

दुसरी गोष्ट फुप्फुसांची. वर येताना दाब कमी होतो आणि छातीतली हवा फुगते. श्वास रोखून वर आले तर फुप्फुस फाटू शकते आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. छाती भरून हवा घेतलेली असेल तर दीड मीटर वर येणेसुद्धा यासाठी पुरते. या खेळाचा पहिला नियम म्हणूनच एका वाक्याचा आहे: श्वास कधीही रोखू नका. तो प्रशिक्षक माझ्या छातीवर थापट्या का मारीत होता, हे आता वाचकांच्या लक्षात आले असेल.

तिसरी गोष्ट हृदयाची. गळ्यापर्यंत पाण्यात उतरताच हातापायांतले रक्त छातीकडे सरकते. त्यात भीती, थंडी आणि श्रम यांची भर. निरोगी हृदयाला हे सहज झेपते. ज्याच्या हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याची परीक्षा मात्र अशा ठिकाणी होते, जिथे तो ‘छातीत दुखतंय’ असे सांगूही शकत नाही.

कुणी उतरू नये?

फिट्स येणारे, पूर्वी आपोआप फुप्फुस फाटून छातीत हवा भरलेली व्यक्ती, आणि गर्भवती यांनी उतरू नये. येथे घासाघीस नको. दमा असणारे, इन्शुलिन घेणारे मधुमेही, हृदयविकाराचे रुग्ण, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कानाचा पडदा फाटलेला असणारे यांनी तज्ज्ञांना दाखवून, त्यांनी होकार दिला तरच विचार करावा. पंचेचाळिशी उलटल्यावर त्यात धूम्रपान, रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल किंवा घरात कमी वयात हृदयविकार असा एखादाही मुद्दा असेल, तर आधी तपासणी करून घ्यावी. जगभर वापरला जाणारा आरोग्य-अर्ज २०२० मध्ये नव्याने तयार झाला, त्यातही हेच विचारले आहे. सर्दी, खोकला, ताप असेल तर पूर्ण बरे होईपर्यंत थांबावे. दहा वर्षांखालील मुलांना खोल पाण्यात नेऊ नये. आदल्या रात्री ‘बसणे’ झाले असेल तर सकाळी किनाऱ्यावरच बसावे, हे वेगळे सांगायला नको.

साधने समजून घ्या

पाठीवरच्या नळकांड्याला लोक सर्रास ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतात. ते चूक आहे. त्यात आपण घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. नुसता ऑक्सिजन सहा मीटरांपेक्षा खाली विषारी ठरू शकतो. दाबलेली हवा बेताच्या दाबाने तोंडात देणारे जे यंत्र, त्याला रेग्युलेटर म्हणतात. जाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंचांनी १९४३ मध्ये ते आजच्या रूपाच्या जवळ आणले. काही ठिकाणी सिलिंडर बोटीवरच ठेवतात आणि लांब नळीने हवा खाली देतात. हवा तीच असते, म्हणून श्वास न रोखण्याचा नियमही तोच.

मुखवटा नाक झाकणारा हवा. पोहण्याचा साधा चष्मा चालत नाही, कारण त्यात नाकाने हवा सोडता येत नाही आणि खाली गेल्यावर तो डोळ्यांवर ओढला जातो. मुखवटा बसतो की नाही, हे पाहण्याची सोपी युक्ती आहे. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकाने किंचित श्वास आत घ्या. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा. मिशा जाड असतील तर पाणी आत झिरपते, हेही ध्यानात ठेवा. चष्मा लावणाऱ्यांसाठी नंबरचे मुखवटे मिळतात, ते आधी विचारून ठेवावेत. तोंडात धरायचा रबरी तुकडा आपल्या समोर धुतलेला आणि जंतुनाशकात बुडवलेला असावा. हे मागायला लाजू नये.

अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख शोभेसाठी नसतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून घेते. हवा भरता येणारे जाकीट, वजनाचा पट्टा, उरलेली हवा दाखवणारे घड्याळ आणि दुसऱ्याला देता येईल असे जादा तोंड, ही बाकीची साधने. पहिल्या खेपेस ती सगळी प्रशिक्षक सांभाळतो. विकत घ्यायची घाई करू नये. घ्यायचाच असेल तर आपल्या मापाचा मुखवटा घ्यावा.

हातांच्या खुणा मात्र पाठ करूनच उतरावे. आपण ‘छान’ म्हणून अंगठा वर करतो. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो. ‘ठीक आहे’ म्हणायचे तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. कान दुखत असेल तर पंजा आडवा धरून हलवायचा आणि कानाकडे बोट दाखवायचे. ही एक खूण मी वेळेवर केली असती, तर हा लेख लिहावा लागला नसता.

नवख्याने कुठे जावे?

पहिल्या अनुभवासाठी मालवण-तारकर्ली उत्तम. उथळ पाणी, जवळचा किनारा आणि आपली भाषा. पाण्याखाली आपली भाषा बोलता येत नाही, म्हणून वरच्या सूचना आपल्या भाषेत नीट समजणे फार मोलाचे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला यासाठी खास प्रशिक्षण संस्था उभी केली आहे. येथला सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे, तेव्हा प्रवाळाला हात लावू नये. त्याने ओरखडे उठतात ते लवकर भरत नाहीत, आणि प्रवाळही मरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. पावसाळ्यात कुणी ‘चोरून नेतो’ म्हणाला तरी जाऊ नये.

गोव्यातले ग्रँड आयलंड आणि कर्नाटकात मुर्डेश्वरसमोरचे नेत्राणी बेट हीही आपल्या टप्प्यातली ठिकाणे. नेत्राणीला बोटीचा प्रवास बराच आहे, गाडी लागणाऱ्यांनी विचार करावा. पाणी खरोखर काचेसारखे पाहायचे असेल तर अंदमान. तेथील हॅवलॉक बेटाचे नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे. लक्षद्वीपला जाण्यासाठी परवाना लागतो. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळमंच आहे. नाव ऐकून ऊर भरून येतो, पण ते नवख्याचे काम नव्हे.

गोडी लागलीच, तर तीन-चार दिवसांचा रीतसर अभ्यासक्रम करावा. त्यात २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे जमावे लागते. मग १८ मीटरांपर्यंत जाता येते. पोहता न येणाऱ्यांनाही पंधरा-वीस मिनिटांसाठी हाताला धरून नेतात. माझे मत विचाराल तर आधी गावच्या तलावात निदान तरंगायला शिकावे. भीती निम्मी होते.

येताना घाट, जाताना बोट

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखाली सुखरूप राहिलेली माणसे पाण्यावर गेली. म्हणून बोटीत पाऊल ठेवल्यापासून किनाऱ्याला उतरेपर्यंत लाईफ जाकीट अंगात आणि बंद बांधलेले असावे. जादा माणसे भरलेली बोट सोडून द्यावी.

आता आम्हा घाटावरच्यांसाठी खास. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू निघून जातो. तो पुरता निघण्याआधी आपण उंचावर गेलो तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होऊ शकतात. एकदाच, उथळ पाण्यात, वीस मिनिटे उतरलेल्याला हा धोका अगदी थोडा असतो. पण अनेकदा किंवा लागोपाठ दिवस उतरणाऱ्यांना तो खरा आहे. एकदा उतरल्यावर निदान १२ तास आणि अनेकदा उतरल्यावर निदान १८ तास विमानात बसू नये, असा सर्वमान्य सल्ला आहे. ६०० मीटरांपेक्षा उंच जागेलाही तो लागू धरतात. आंबोली सुमारे ६९० मीटरांवर आणि महाबळेश्वर त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. तेव्हा सकाळी समुद्रात आणि दुपारी घाटात असा कार्यक्रम आखू नका. मालवणात एक रात्र जादा काढा, सोलकढी प्या, झोपा आणि दुसऱ्या दिवशी निघा.

घरी आल्यावर दिवसभरात सांधे दुखणे, हातापायांना मुंग्या, अंगावर चट्टे, चक्कर, अशक्तपणा, छातीत दुखणे, दम लागणे असे काहीही वाटले तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून अंग चोळून घेऊ नका. ताबडतोब रुग्णालयात जा आणि समुद्रात उतरलो होतो, हे आधी सांगा. अशा वेळी लगेच ऑक्सिजन लावावा लागतो आणि गरज पडल्यास दाबाच्या खास कक्षात ठेवावे लागते. माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती, की सुट्टीनंतर मुंग्या येतात म्हणून आलेल्या तरुणाला ‘परवा कुठे गेला होतास?’ एवढे अवश्य विचारावे.

माझे मागणे

आता या लेखाच्या मूळ मुद्द्यावर येतो. अर्ज भरून घेतात, पण केव्हा? पैसे भरल्यावर, बोट सुटल्यावर, सगळे घर समोर असताना. अशा वेळी कोण खरे लिहील? डॉक्टर असून मी लिहिले नाही. म्हणून माझे मागणे साधे आहे. अर्ज मराठीत असावा आणि तो पैसे घेण्यापूर्वी, शक्यतो आदल्या दिवशी भरून घ्यावा. ज्याला सर्दी किंवा दुसरे कारण आहे, त्याचे पैसे परत द्यावेत किंवा पुढची तारीख द्यावी. हा व्यवहाराचा प्रश्न वाटतो, पण तो आरोग्याचा आहे. पैसे बुडतील या भीतीनेच माणसे चोंदलेल्या नाकाने उतरतात. एका प्रशिक्षकाच्या हाती एकच नवखा असावा आणि बोटीवर प्रथमोपचाराचा ऑक्सिजन असावा. तो आहे का, असे प्रत्येक पर्यटकाने विचारावे. दहा जणांनी विचारले की अकराव्यासाठी तो येतो.

आणि आम्ही डॉक्टरांनी? सहीचे नव्हे, तपासणीचे काम करावे. कान पाहायला, छातीला नळी लावायला, रक्तदाब घ्यायला आणि चार प्रश्न विचारायला दहा मिनिटे पुरतात.

गेल्या महिन्यात पाच तरुण असाच कागद घेऊन आले. मी त्यांना बाकावर बसवले, क्रमाने बोलावले आणि एकेकट्याला विचारले. मित्रांसमोर जे निघत नाही ते एकट्याने बसल्यावर निघते. एकाच्या खिशात दम्याचा पंप निघाला. घरी आईखेरीज कुणाला माहीत नव्हते. दुसऱ्याचे नाक गळत होते. तिघांना मी सही दिली. दम्याच्या मुलाला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवले. सर्दीवाला जरा रुसला, पण गेला मित्रांबरोबरच. किल्ला पाहिला, बोटीवर बसून फोटो काढले, आणि परवा येऊन म्हणाला, ‘डॉक्टरकाका, आता नाक मोकळं आहे. डिसेंबरात जाऊ का?’

मी त्याला म्हटले, जरूर जा. निघण्यापूर्वी दोन दिवस आधी ये, म्हणजे कान पाहता येतील. आपणा सर्वांनाही हेच सांगणे आहे. रात्री गाडी सुटताना नव्हे, दोन दिवस आधी या.